सही जुळत नाही

"हॅलो?… ताई?… हां, आता येतोय. तुझा आवाज येतोय आणि श्वासही येतोय. जिना चढून फोन केलास ना?… खोटं बोलू नकोस. आधी बस… बसलीस? मग बोल."

तिघी बहिणींतल्या मधलीने फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबला आणि हातातली पॅन्ट उलटी केली. तिचं दुकान म्हणजे एक खोली, एक मशीन, एक उभा आरसा आणि पडद्यामागे कपडे बदलायला दीड हात जागा. नवं काही ती शिवत नाही. तयार विकत घेतलेले आणि अंगाला न बसलेले कपडे ती लोकांच्या अंगाला बसवून देते. लांब असेल ते आखूड करायचं, सैल असेल ते आत घ्यायचं, चेन गेली असेल तर नवी लावायची. जगात तयार कपडे आहेत तोवर मला मरण नाही, असं ती म्हणते, कारण कारखान्यात बसून कापणाऱ्याने माणूस बघितलेलाच नसतो.

फोनवर थोरली होती. बारा वर्षांपूर्वी परदेशात गेली ती तिकडचीच झाली. म्हाताऱ्यांच्या एका संस्थेत स्वयंपाक करते. नवरा गेला त्याला पाच वर्षं झाली, पोरंबाळं नाहीत. आता तिच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. हॉस्पिटलने पुढच्या महिन्याची बावीस तारीख दिली आणि तारखेबरोबर एक अट घातली. घरी सोडल्यावर सहा आठवडे सोबत कोण राहणार, त्याचं नाव लिहून द्या. नाव नसेल तर ही तारीख दुसऱ्याला, आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला. त्या रांगेत माणसं वर्ष वर्ष उभी असतात आणि काही उभ्या उभ्याच संपतात. ते नाव आज द्यायचं होतं.

"हो, आहे लक्षात. आजच… तुझ्याकडे किती वाजले?… सकाळचे नऊ. आणि ती हॉस्पिटलची बाई कधी यायचीय?… अकराला. म्हणजे दोन तास. पुष्कळ झाले… नाही, शेजारणीचं नाव नाही द्यायचं. अगं ऐक ना, तिलाच काठी लागते, ती तुला काय उठवणार? दोघी मिळून पडाल… धाकटीला विचारू नकोस, तिची पोरं लहान आहेत. ते आपलं दोघींचं ठरलंय. मी येणार."

थोरलीने मग तिचं ठरलेलं रडगाणं लावलं असणार, कारण मधलीने डोळे मिटले आणि सुईत दोरा ओवायचं काम तसंच डोळे मिटून केलं.

"झालं?… पाठ झालंय मला. बारा वर्षं ऐकतेय. पासपोर्ट काढून ठेव, पासपोर्ट काढून ठेव, वेळ काय सांगून येते का… हो, मीच म्हणायचे, मला कुठं जायचंय. माझी धाव दुकानापासून मंडईपर्यंत… हो बाई. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. बरोबर आहे तुझं. पण घेतली ना खणायला? मग आता खडक कुठं लागला ते ऐकशील?"

गेले दोन-तीन आठवडे तिने थोरलीला थापाच मारल्या होत्या. कधी पासपोर्टच्या ऑफिसातलं मशीन बंद होतं, कधी कारकून रजेवर होता, कधी फोटोच्या मागचा पडदा पांढरा नव्हता. ऑफिसं इतकी बदनाम असतात की त्यांच्या नावावर काहीही खपतं. थोरलीनेही सगळं खरं मानलं. खरी गोष्ट सांगायची मधलीला लाज वाटत होती.

"मशीन बंद नव्हतं, ताई… नाही. फोटोही बरोबर होता… माझी सही जुळत नव्हती… सही. अगं, कागदाच्या खाली करतात ती… कुणाशी म्हणजे? माझ्याच सहीशी."

पहिल्या खेपेला ती एकटीच गेली होती. दोन खिडक्या सरळ पार पडल्या. तिसऱ्या खिडकीत गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेली एक बाई होती. तिने संगणकाला जोडलेली एक काचेची पाटी पुढे सरकवली आणि इथे सही करा म्हणाली. मधलीने केली. शाळेत घोटून घेतली होती तशी: आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं आणि शेवटी वरून सलग रेघ. बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. अर्ज बघितला, ओळखपत्र बघितलं, पुन्हा पाटी बघितली. अर्जावर आणि ओळखपत्रावर एक झोकदार गिरकी होती, पतंगाच्या शेपटीसारखी, खाली तिरकी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं.

"ती म्हणाली, ही सही कुणाची? मी म्हणाले, माझी. मग ओळखपत्रावर बोट ठेवून म्हणाली, आणि ही? मी म्हणाले, ही पण माझीच… हसू नकोस. खोटं कुठं बोलले? माझ्या नावाची आहे, म्हणजे माझीच की… हो. यांनी केलेली… सगळीकडे… लग्न झाल्यापासून, ताई. तेवीस वर्षं."

मधलीने पॅन्टच्या एका पायाची शिलाई उसवून टाकली.

यात नवऱ्याने फसवलं असं काही नव्हतं, आणि वाईट तेच आहे. फसवलं असतं तर भांडता आलं असतं. बाईला सही येत नव्हती असंही नाही. सातवीपर्यंत शिकलेली, वर्गात पहिल्या पाचात. तिची सही सावकाश होती, एवढाच तिचा गुन्हा. रांगेत मागे माणसं उभी, खिडकीतला माणूस घड्याळाकडे बघतोय आणि ही एकेक अक्षर घोटतेय. दे इकडे, असं म्हणून नवरा पेन घ्यायचा आणि एका झटक्यात काम उरकायचा. भाड्याच्या करारावर त्याने केली, दवाखान्याच्या कागदावर केली, ओळखपत्राच्या अर्जावर केली. पोराच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांचीही त्याचीच आणि आईचीही त्याचीच. बाई समोर उभी आहे, तिला दोन हात आहेत, मग तिची सही हा का करतोय, असं तेवीस वर्षांत एका माणसाने विचारलं नाही. उलट शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस, तुला कशाकशाला हात लावावा लागत नाही. बाईच्या हातातली एकेक गोष्ट काढून घ्यायची आणि त्याला सुख म्हणायचं, ही युक्ती फार जुनी आहे आणि अजून झकास चालते. घाई सगळ्यांनाच असते. पण घाईत पेन हिसकावलं जातं ते बाईच्या हातातून. पुरुषाच्या हातातून हिसकावलेलं कुणी बघितलं असेल तर सांगा.

"त्यांना बोलू नकोस. ताई, ऐक. खरं सांगू का?… मला ती सही आवडायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनीच बसवली. कॅलेंडरच्या पाठीवर वीस-पंचवीस तऱ्हा काढल्या आणि मला विचारलं, कुठली पाहिजे. मीच बोट ठेवलं… हो, कापड पसंत करावं तसं. फक्त पसंत मी केलं, शिवलं यांनी आणि घातलंही यांनीच."

नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळतो. त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून ऑफिसात त्याला मोतीदाणा म्हणतात. वरच्या साहेबांची पत्रं, निवृत्तीची मानपत्रं, दारावरच्या पाट्या, सगळं त्याच्याकडे येतं. स्वतःच्या हातावर त्याचं फार प्रेम. बायकोच्या नावाची सहीसुद्धा त्याने कधी बेफिकिरीने केली नाही. दर वेळी तीच गिरकी, तीच रेघ, तीच दोन टिंबं.

"थांब हां, गिऱ्हाईक आलंय… या. आखूड करायचीय? बूट कुठले घालणार तिच्यावर?… मग तेच घालून यायचं होतं ना. चपलेवर माप घेतलं आणि बुटावर घातलीत तर घोटा उघडा पडेल, मग मला शिव्या द्याल. घरी जाऊन बूट घालून या, मी आहे… गेला. बोल ताई. कुठं होते मी?… हां, सहीपाशी. मग सुरू झाला सराव."

खिडकीतल्या बाईने तिला तोच सल्ला दिला होता. ओळखपत्रावर आहे तशी सही करता आली पाहिजे, घरी बसून हात बसवा आणि पुढच्या आठवड्यात या. मधलीने वही आणली. नवरा मास्तर झाला. शेजारी खुर्ची ओढून बसला, पहिले दोन दिवस तिचा हात हातात धरून गिरवून घेतलं. मनगट सैल सोड, म्हणायचा. मनगट सैल सोडलं तर माझं काज वाकडं होतं, असं ती म्हणायची. तिसऱ्या दिवशी तो चिडला, चौथ्या दिवशी ती चिडली, पाचव्या दिवसापासून दोघं न बोलता बसू लागली. आठ दिवसांत वही भरली. पानोपान तिच्या नावाच्या गिरक्या, आणि एकही तिची नाही.

"माझीच सही उचलायला शिकत होते मी. आणि शिकवणारा कोण, तर जो ती घेऊन बसला होता तो… मला राग नव्हता आला तेव्हा. हसायला यायचं. राग पुढं आला."

दुसऱ्या खेपेला नवरा बरोबर आला. मधलीने काचेच्या पाटीवर श्वास रोखून गिरकी काढली. रेघ दिली. टिंबं दिली. चष्मेवाली बाई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ही सही काढलेली आहे, केलेली नाही.

"काढलेली. चित्र काढतात तशी. बघ ना, एका शब्दात सांगितलं तिने… नाही, तिचा नाही आला राग. कामाची बाई आहे ती. मला नाही का कळत, कुठली टीप सवयीच्या हाताची आणि कुठली मोजून मोजून मारलेली? तसं तिला कळतं… म्हणाली, दुसऱ्याच्या सहीची नक्कल करताय असं दिसतंय. अगं, माझ्याच नावाच्या सहीची मी नक्कल करतेय, आणि मी चोर. आणि तेवढ्यात मागून हे पुढं आले. तू बसलीयस ना नीट?… म्हणाले, मॅडम, तुमचा वेळ जातोय, मी करून देऊ का?… हस. हस आता. हळू हस, झडपेला सांभाळून."

ती स्वतःही हसली. मग हसता हसता थांबली, कारण त्या खिडकीसमोर ती हसली नव्हती. मागच्या रांगेत कुजबुज झाली. चष्मेवाली बाई उठली आणि दोघांना आतल्या केबिनमध्ये घेऊन गेली. आत पिकल्या मिशांचे एक अधिकारी होते. त्यांनी आवाज चढवला नाही. यांच्या सह्या तुम्ही करता का, एवढंच नवऱ्याला विचारलं. मोतीदाणा भिंतीकडे बघत राहिला. मग मधलीने हो म्हटलं.

अधिकारी म्हणाले, तुम्ही पहिल्या नाही; महिन्याला अशा चार-दोन तरी येतात. नवऱ्याच्या सह्या बायको करते असं प्रकरण मात्र नोकरीच्या तीस वर्षांत एकही आलं नाही. वाट एकच आहे. आजवरच्या कागदांवरच्या सह्या माझ्या नवऱ्याने केल्या, मला ठाऊक असताना केल्या, आणि माझी खरी सही ही अशी आहे, असं प्रतिज्ञापत्र लिहून द्या. पंधरा दिवसांत पासपोर्ट देतो, तुमच्या स्वतःच्या सहीचा. नाहीतर अर्ज बंद करावा लागेल.

"पायऱ्या उतरता उतरताच म्हणाले, लिहून द्यायचं नाही… अगं, भीती. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मागच्या वर्षी यांच्या ऑफिसात एका शिपायाने हजेरीच्या वहीत मित्राची सही केली. एक दिवसाची. घरी बसवलं त्याला. आणि त्याच्या चौकशीची सगळी फाईल कुणी लिहिली?… यांनी. याच मोत्यासारख्या अक्षरात. मग यांना झोप कशी लागेल?… नाही, खोटी नाही भीती. मलाही वाटली. आपणच एकाला खड्ड्यात लोटलं की त्याची खोली माणसाला बरोबर कळते."

नवऱ्याने तोडगाही काढला होता. हा अर्ज सोडून द्यायचा. सहा महिने नीट सराव करायचा, हात बसला की नवा अर्ज. सहा महिने. थोरलीची तारीख त्याला माहीत होती. त्याने ती नवऱ्याच्या जातीला शोभेल अशा पद्धतीने बाजूला ठेवली: तिकडे मोठी हॉस्पिटलं आहेत, ते काही माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत, बघतील काहीतरी. दुसऱ्याच्या हृदयाबद्दल माणूस किती निवांत असतो.

त्यानंतर चार दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती.

"आता तू सुरू होऊ नकोस… नाही. ऐक. नको ते म्हणू नकोस, ताई… संसारात कशाला विघ्न, पुढच्या वर्षी बघू, मी आहे अजून धडधाकट. हेच म्हणणार ना? म्हण. पण एका दमात म्हणून दाखव… बघ. मध्ये दोनदा थांबलीस. मी मोजलं."

मधलीने पॅन्टीचा दुसरा पाय ओढून घेतला, खडूने खूण केली, पुसली, पुन्हा केली. पुढचं सांगायला तिला हातात काहीतरी काम हवं होतं.

"मी दिलं लिहून… आज. आज सकाळी दिलं… नाही, चोरून नाही. आधी यांना वाचून दाखवलं."

काल दिवसभर दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, तिने ते लिहिलं होतं. चार कागद फाडले. पाचव्यावर जमलं. सकाळी चहा झाल्यावर कप बाजूला सारले आणि नवऱ्याला म्हणाली, बसा, वाचते. मग उभ्याने वाचलं. मी अमुक, वय इतकं, लिहून देते की आजपर्यंत माझ्या नावाची स्वाक्षरी माझे पती करत आले. मी ती करू दिली. मला लिहिता येत होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. इथून पुढे माझी स्वाक्षरी मीच करीन.

"किती तरी वेळ कपातल्या सायीकडे बघत बसले. मला वाटलं, आता ओरडणार. आणि म्हणाले काय, माहितीये?… म्हणाले, दाखव. कागद पुढं धरला तर म्हणाले, स्वाक्षरीतला क्ष चुकलाय… अगं देवाशपथ. मी क आणि श जोडून लिहिला होता. तो चुकलाय म्हणाले, आणि खिशाला हात. पेन काढलं. टोपण काढलं… मी कागद मागं घेतला. म्हटलं, तोंडाने सांगा."

मशीनच्या तेलाचा वास, समोरच्या भिंतीवर टांगलेले कुणाकुणाचे कोट आणि आरशात दिसणारी, फोनवर मान मोडून बसलेली बाई. त्या क्षणी स्वयंपाकघरात काय झालं ते फोनवर सांगून कळण्यासारखं नव्हतं. नवऱ्याचा हात टेबलावर तसाच अधांतरी राहिला होता. तेवीस वर्षांत त्या हातासमोरून कुणी कागद मागे ओढला नव्हता. साहेबांनी नाही, बायकोने नाही. त्याने पेनला टोपण लावलं. मग त्याने सांगितलं: आधी वरची गाठ, मग खाली वळव, मग काना. तिने खोडलं, बाजूला नवा क्ष लिहिला. चांगला आला.

"मग म्हणाले, हे ऑफिसात कळलं तर लोक मला काय म्हणतील? मी म्हटलं, जे केलंत तेच म्हणतील, जास्त काही नाही… हो, कठोर आहे. पण मी रडत नव्हते, ताई. ओरडतही नव्हते. फक्त खरं होतं ते बोलले. मग म्हणाले, तुला नको होतं तर कधी बोलली का नाहीस?… हां, तू पण तेच विचारणार. मीही विचारलं स्वतःला. सोपं होतं म्हणून. रांगेत उभं राहायला नको, खिडकीतल्या माणसाचं तोंड बघायला नको. माझाही आळस आहे त्यात, तो मी लिहून दिलाय कागदावर… मग काय, उठले. डबा घेतला, गेले. दारात थांबले जरा. मग गेले."

नोकरीचं काय, असं थोरलीने विचारलं असावं. मधलीने हातातला कपडा खाली ठेवला.

"माहीत नाही. तोंडदेखलं बोलू का तुला? माहीत नाही. त्या मिशावाल्या साहेबांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, आमची फाईल आमच्या कपाटात. आम्ही कुणाला दाखवायला जात नाही, पण कुणी रीतसर मागितली तर नाही म्हणता येणार नाही… हो ना. म्हणजे होईलही, नाहीही होणार. मी विचार केला. त्यांची नोकरी गेली तर मी आणखी चार पॅन्टी आखूड करीन. तुझी तारीख गेली तर मी काय आखूड करू?… रडू नकोस. डॉक्टरने सांगितलंय ना, रडायचं नाही. पाणी पी."

आज सकाळी तिसऱ्या खिडकीत तीच चष्मेवाली होती. काचेची पाटी पुढे आली. मधलीने पदर सारखा केला, पेन धरलं आणि पहिलं अक्षर काढलं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकला. दुसरं अक्षर काढलं. कुणीतरी पाय बदलले, कुणीतरी हवेत बोललं, इथं माणसाला दिवसभर दुसरा धंदा नाही का. तिने घाई केली नाही, तिसरं अक्षर काढलं. चष्मेवालीने मान वर केली, रांगेकडे बघितलं आणि आपल्या गळ्यातली चष्म्याची दोरी नीट करत बसली. तिने तेवढी दोरी भरपूर वेळ नीट केली. आडनावाचं शेवटचं अक्षर झालं, वरची रेघ झाली, तेव्हा कुठे तिने पाटी ओढून घेतली.

"पावती आहे माझ्या पाकिटात. पंधरा दिवस. म्हणजे या महिन्याची तेवीस धर. मग व्हिसाला तू पाठवलेलं हॉस्पिटलचं पत्र लावायचं, त्याला आठ-दहा दिवस. तरी बावीसच्या आत मी तुझ्या दारात… हो. लिही. नाव लिही माझं. घे पेन… थांब, कसली बेल?… आली ती? अकराला यायची होती ना?… बरं, उघड दार. मी आहे फोनवर."

मधली थांबली. पलीकडे दार उघडल्याचं, खुर्ची सरकल्याचं, परक्या भाषेत दोन बायका बोलल्याचं तिला ऐकू येत असणार, कारण ती उगाचच सावरून बसली, जणू त्या बाईला ती इथून दिसत होती.

"हां, बोल… लिहिलंस? वाचून दाखव… बरोबर. नातं, बहीण. बरोबर. सहा आठवडे, हो… आणखी काय?… सोबत राहणाऱ्याची सही? माझी?… त्या चौकटीत. बरं… काय म्हणालीस?"

मधलीने मशीनच्या चाकावरचा हात उचलला आणि फोन हातात धरला.

"नाही… नाही, ताई. तू नाही करायचीस… कुणाला कळणार नाही, हे मला माहितीये. कुणालाच कधी कळत नाही… माहितीये गं, प्रेमानेच करतेयस. त्यांनीही प्रेमानेच केली होती. पेन खाली ठेव… ठेवलंस? आता त्या कागदाचा फोटो काढ आणि मला पाठव. कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे, छापून घेते, सही करते, त्याचा फोटो तुला पाठवते. त्या बाईला विचार चालेल का. आत्ता विचार. मी थांबते."

ती थांबली. मघाचा माणूस बूट घालून दारात आला. तिने त्याला हाताने थांबवलं, आत येऊ दिलं नाही.

"काय म्हणाली?… चालेल, पण तिला पुढच्या घरी जायचंय. किती वेळ आहे म्हणाली?… दहा मिनिटं. नाही पुरायची. तिला सांग, वीस लागतील. ताई, तू माझ्या वतीने माफी मागू नकोस, फक्त सांग… तिला खुर्ची दे, चहा टाक. कशाला इतका वेळ असं विचारलं तर सांग की माझी बहीण सही करतेय, आणि पूर्ण नाव लिहिते… हो. आडनावासकट… पाठव आता फोटो. ठेवते मी."